नव्या गृहप्रकल्पाच्या गेटसमोर वळणाची मार्गिका लागेल का? पहिल्यांदाच हिशेब करणाऱ्यांसाठी

गृहप्रकल्पाच्या नकाशात इमारती, पार्किंग, क्लबहाऊस, अगदी झाडांची आळीसुद्धा काळजीपूर्वक काढलेली असतात. गेट मात्र बहुतेक वेळा भूखंडाला रस्ता जिथे लागतो तिथे, जमल्यास बरोबर मधोमध, दोन खांब आणि कमान दाखवून उरकलेलं असतं. मग परवानगीच्या वेळी रस्ता ज्या खात्याचा आहे ते विचारतं: इथे वळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी मार्गिका करणार का? केली तर किती लांबीची? हा प्रश्न फिरत फिरत सल्लागाराच्या ऑफिसात नव्यानेच लागलेल्या इंजिनिअरच्या टेबलावर येतो. हा लेख त्या टेबलासाठी आहे. सोसायटीच्या कमिटीत बसून बिल्डरचा अहवाल वाचावा लागणाऱ्यांनाही उपयोगी पडावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो. वळणाची मार्गिका गाडीला थांबायला जागा देते, समोरच्या रहदारीत फट तयार करत नाही. एसटी स्टँडवरच्या बाकानं बसायची सोय होते, एसटी लवकर येत नाही, तसंच हे. अनेक अहवालांत मार्गिकेची लांबी मीटरमध्ये अगदी चोख दिलेली असते आणि त्या मार्गिकेत उभ्या राहिलेल्या माणसाला वळायला कधी मिळणार, याबद्दल अवाक्षर नसतं.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून आपल्याकडे खरी अडचण उजव्या वळणाची. समोरून येणारी रहदारी ओलांडून आत शिरायचं असतं. अमेरिकी तक्ते वापरणार असाल तर तिथलं 'लेफ्ट टर्न' म्हणजे आपलं उजवं वळण, हे कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. तक्ता जसाच्या तसा उचलल्यामुळे वळण उलट्या बाजूला गेलेले अहवाल खरोखर असतात.

पहिली पायरी: रस्ता कुणाचा, आणि गेट तिथेच का?

महापालिकेचा रस्ता, पीएमआरडीएसारख्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) प्राधिकरणाचा रस्ता, सार्वजनिक बांधकाम विभागाचा राज्यमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग, या चौघांच्या परवानगीची वाट वेगवेगळी आहे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्याचं कलम २८ वाचा. महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय महामार्गावर वाहनानं प्रवेश करण्याचा हक्क कुणालाही नाही, असं ते सांगतं. "जमीन आमची, रस्ता समोर, मग गेट का नको?" हा बिल्डरचा नेहमीचा प्रश्न तिथेच निकाली निघतो.

त्यानंतर विकास आराखडा उघडा. भूखंडाला मागून किंवा बाजूनं डीपी रस्ता, म्हणजे आराखड्यात आखलेला रस्ता, लागतोय का, सेवा रस्ता होणार आहे का, हे पाहा. दोन बाजूंनी रस्ता असेल तर मुख्य गेट लहान रस्त्यावर न्यावं, हा सल्ला कितीही नावडता असला तरी पहिल्याच बैठकीत द्यावा. मोठ्या रस्त्यावर कमान दिसली पाहिजे हा विक्री विभागाचा आग्रह असतो. तर कमान तिथे बांधा, माणसांसाठी दरवाजा ठेवा आणि गाड्या बाजूनं न्या. यानं वाचणारी कोंडी कुठल्याही मार्गिकेनं वाचत नाही.

शेजारी आणि समोर आणखी प्रकल्प येत आहेत का, याचीही चौकशी करा. दोन गेटं एकमेकांपासून तीस-चाळीस मीटरवर आली तर एकासाठी काढलेली मार्गिका दुसऱ्याच्या तोंडावरच संपते.

दुसरी पायरी: रस्त्यावर उभं राहून मोजणी

सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी साडेपाच ते ९, एवढा वेळ तरी धरा. दर १५ मिनिटांची नोंद वेगळी ठेवा, कारण अख्ख्या तासाच्या सरासरीत सर्वांत वाईट पाव तास बुडून जातो. व्हिडिओ लावला तर उत्तम, तो परत पाहता येतो. हातानं मोजणार असाल तर प्रत्येक दिशेला स्वतंत्र माणूस हवा.

वार निवडताना गाव ओळखून निवडा. मंगळवार-बुधवार सहसा ठीक. पण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते. तिथे गुरुवारची मोजणी करून "रहदारी मध्यम" लिहिणं म्हणजे सरळ फसवणूक, नकळत झालेली असली तरी. गणपती, दिवाळी, पालखीचे दिवस, शाळांची सुट्टी टाळा. आठवडी बाजार ज्या रस्त्यावर भरतो तिथे मात्र उलट करा: नेहमीचा दिवस मोजा आणि बाजाराचा दिवसही मोजा.

वाहनांचे प्रकार वेगळे लिहा: दुचाकी, मोटार, रिक्षा, टेम्पो, बस, ट्रक, ट्रॅक्टर. पुढे सगळं पीसीयूमध्ये, म्हणजे मोटारीच्या मापात आणायचं असतं. शहरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ (१९९०) मध्ये दुचाकीला ०.५ ते ०.७५, रिक्षेला १.२ ते २.०, बस-ट्रकला २.२ ते ३.७ असे गुणक आहेत. खालचा आकडा त्या वाहनाचा वाटा ५ टक्के असताना, वरचा १० टक्के किंवा जास्त असताना. ही मापं सरळ धावत्या रस्त्याच्या क्षमतेसाठी आहेत. २०१७ च्या इंडो-एचसीएममध्ये, म्हणजे भारतीय रस्त्यांच्या क्षमतेच्या हस्तपुस्तिकेत, चौकांसाठी वेगळी मापं दिली आहेत. कुठली वापरली ते अहवालात लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

वेगही मोजा. रडार गन नसेल तर ठरावीक अंतरावर दोन खुणा आणि स्टॉपवॉच पुरतं. शंभर मोकळ्या गाड्यांचे वेग चढत्या क्रमानं लावा आणि ८५ वा घ्या. पाटीवर ५० लिहिलंय म्हणून ५० धरू नका. रात्री दहानंतर त्याच रस्त्यावर काय चालतं ते एकदा बघून या.

तिसरी पायरी: प्रकल्पातून किती गाड्या निघतील?

अमेरिकेत यासाठी आयटीई या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेचा जाडजूड संग्रह आहे. तिथल्या स्वतंत्र घरामागे दिवसाला नऊच्या वर फेऱ्या धरतात. ते आकडे आपल्याकडे उचलू नयेत. तिथे बहुतेक प्रत्येक फेरी मोटारीची. आपल्याकडे एकाच घरातून सकाळी एक मोटार, दोन दुचाकी, एक स्कूल व्हॅन निघते, आणि त्याच वेळी घरकामाच्या मावशी, दूधवाला, डिलिव्हरीची मुलं आत येत असतात. पुण्याच्या कडेच्या भागात पाण्याचे टँकर वेगळेच. उन्हाळ्यात ते मोजले नाहीत तर हिशेबातली सर्वांत जड गाडीच राहून जाते.

सरळ उपाय म्हणजे त्याच भागातली, साधारण तेवढ्याच किमतीच्या फ्लॅटची, लोक राहायला आलेली दोन-तीन संकुलं निवडा आणि त्यांच्या गेटवर मोजा. फ्लॅट किती आहेत यापेक्षा किती भरलेले आहेत हे विचारा. कमिटीचे सेक्रेटरी किंवा मॅनेजर सहसा सांगतात, आणि आपल्या गेटसमोरच्या कोंडीबद्दलही मनापासून बोलतात. ते ऐकून घ्या, त्यातली निम्मी माहिती मोजणीत सापडत नाही.

आता एक उदाहरण धरू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या खऱ्या प्रकल्पाचे नाहीत. शहराच्या कडेला दुभाजक असलेला चौपदरी रस्ता, त्यावर ४८० फ्लॅटचा प्रकल्प. जवळच्या, ३०० भरलेल्या फ्लॅटच्या सोसायटीत संध्याकाळच्या गर्दीच्या तासात ६६ मोटारी, १०८ दुचाकी, ९ रिक्षा-टॅक्सी आणि दोन-तीन जड गाड्या आत आल्या. म्हणजे फ्लॅटमागे मोटार ०.२२, दुचाकी ०.३६, रिक्षा ०.०३. आपल्या ४८० फ्लॅटना लावलं की १०६ मोटारी, १७३ दुचाकी, १४ रिक्षा आणि ४ जड गाड्या, एकूण २९७ वाहनं. पीसीयूत दुचाकीच्या १३०, मोटारींच्या १०६, रिक्षांच्या १७, जड गाड्यांच्या ९, मिळून २६२.

चौथी पायरी: कुठून येणार?

हे २६२ दोन्ही दिशांनी वाटायचे. गेट ज्या बाजूला आहे त्याच बाजूनं येणारे डावीकडे वळून सुखानं आत जातात. पलीकडून येणाऱ्यांना दुभाजकातल्या कटमधून उजवीकडे वळावं लागतं. वाटणी अंदाजानं पन्नास-पन्नास करू नका. शेजारच्या सोसायटीच्या गेटवर कोण कुठून आलं ते मोजणीतच टिपून घ्या. ऑफिसं, शाळा, मंडई, मेट्रोचं स्टेशन कुठल्या दिशेला आहे त्यावर ती ठरते. उदाहरणात शहर पलीकडच्या बाजूला धरू आणि ६० टक्के उजवीकडे वळणारे, म्हणजे १५७ पीसीयू.

सकाळी बाहेर पडणाऱ्यांचंही गणित हवं. गेटमधून थेट उजवीकडे निघायचं तर दोन्ही दिशांची रहदारी ओलांडावी लागते. चौपदरी रस्त्यावर हे वळण मी तरी सुचवणार नाही. डावीकडे निघून पुढे यू-टर्न, एवढंच ठेवावं.

पाचवी पायरी: फट मिळते का?

इथे घाई करू नका, सगळा निर्णय इथेच होतो. समोरून संध्याकाळी तासाला १,१०० वाहनं येतात असं धरा. वळणाऱ्याला रस्ता ओलांडायला ५ सेकंदांची मोकळी फट हवी. दुचाकीवाला तीन सेकंदांतही घुसतो, पण आराखडा त्याच्या धाडसावर बेतायचा नसतो.

गाड्या आपापल्या स्वतंत्रपणे येतात असं मानलं तर पहिल्या वळणाऱ्याला फटीसाठी सरासरी किती थांबावं लागेल, ते असं काढतात:

थांबण्याचा वेळ = (ई^(क×ग) − १) ÷ क − ग

इथे क म्हणजे समोरून सेकंदाला येणारी वाहनं, ग म्हणजे लागणारी फट सेकंदांत, ई म्हणजे २.७१८. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे. १,१०० ÷ ३,६०० = ०.३०६, ग = ५, उत्तर सुमारे ७ सेकंद. ठीक आहे, सोसेल.

त्या कटमधून तासाभरात जास्तीत जास्त किती वळू शकतील, त्याचं सूत्र हे:

क्षमता = क × ई^(−क×ग) ÷ (१ − ई^(−क×म))

म म्हणजे एकाच फटीत एकामागोमाग शिरणाऱ्या दोन गाड्यांमधला वेळ, इथे ३ सेकंद धरू. उत्तर सेकंदाला ०.११, म्हणजे तासाला सुमारे ४००. आपली मागणी १५७. म्हणजे वळणाची जागा गर्दीच्या तासातला ३९ टक्के वेळ व्यापलेली राहणार. (क्षमता मोटारींसाठी आहे, म्हणून मागणीही पीसीयूत घेतली. दोन दुचाकी शेजारी-शेजारी एकाच फटीत निघून जातात, त्यांना दोन मोटारी मानणं अन्यायाचं.)

मार्गिका लागेल का, याचं उत्तर आलं. वेगळी जागा दिली नाही तर दुभाजकाकडची लेन, म्हणजे वेगानं जाणाऱ्यांची लेन, संध्याकाळी तासातली चोवीसेक मिनिटं कुणीतरी अडवून उभा असेल. मागून येणारा एक तर करकचून ब्रेक लावणार, नाहीतर डावीकडे घुसणार. प्रकल्प ६० फ्लॅटचा असता तर वळणारे २० आणि व्याप ५ टक्के. तिथे वेग, दृश्यता आणि रस्त्याचा दर्जा बघून ठरवावं लागतं. हार्मेलिंक यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या, अमेरिकेत आजही आधाराला घेतल्या जाणाऱ्या निकषात थांबलेल्या गाडीमागे दुसरी येऊन ठाकण्याची शक्यता मोजतात आणि वेग वाढेल तशी मर्यादा कडक करतात: ताशी ४० मैलांना २ टक्के, ५० ला दीड, ६० ला एक. आकडे आपल्या रस्त्याला जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण विचाराची दिशा बरोबर आहे. संख्या तीच असली तरी ताशी ८० किलोमीटरच्या वेगाच्या रस्त्यावर मार्गिका लवकर लागते.

आता दहा वर्षं पुढे जा. रहदारी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली तर समोरून १,१०० ऐवजी सुमारे १,७९० वाहनं येतील. तीच सूत्रं लावा. पहिल्या गाडीला फटीसाठी सरासरी १७ सेकंद, आणि क्षमता ४०० वरून घसरून १९० च्या आसपास. मागणी मात्र १५७ च. रांगेसकट एका गाडीचा सरासरी वेळ पूर्वी १५ सेकंदांच्या घरात होता, तो आता शंभरावर जातो. वीसातून एखाद्या वेळी रांग पंधरा गाड्यांपर्यंत पोचते. समोरची रहदारी दीडपटीहून थोडी जास्त झाली आणि थांबणं सातपट झालं. शंभर सेकंद कुणीच शांतपणे थांबत नाही. अर्धी गाडी पुढे काढून समोरच्याला अडवतात, आणि मग दोन्ही बाजू बंद.

म्हणून आजचा आणि दहा वर्षांनंतरचा, असे दोन्ही हिशेब अहवालात शेजारी-शेजारी मांडा. फक्त आजचा दिलात तर मार्गिका पुरते असं दिसेल, आणि इमारतीतले शेवटचे फ्लॅट भरेपर्यंत ती अपुरी पडलेली असेल.

एक सावधगिरी. जवळच सिग्नल असेल तर गाड्या झुंडीनं येतात आणि मध्ये लांब मोकळा वेळ मिळतो. तिथे वरची सूत्रं चुकतात. सरळ स्टॉपवॉच घेऊन पाच सेकंदांपेक्षा मोठ्या फटी किती मिळतात ते मोजा.

सहावी पायरी: लांबी

लांबीचे दोन भाग: वेग कमी करायला लागणारं अंतर आणि उभं राहायला लागणारी जागा.

उभं राहायच्या जागेसाठी 'ग्रीन बुक' या अमेरिकी रस्ते-आराखड्याच्या पुस्तकाचा ढोबळ नियम सोपा आहे: सिग्नल नसलेल्या ठिकाणी गर्दीच्या तासात सरासरी दोन मिनिटांत येणाऱ्या वळणाऱ्या गाड्या मावल्या पाहिजेत, आणि कमीत कमी दोन मोटारी तरी. आपल्याकडे १५७ ÷ ३० = ५.२, म्हणजे सहा. गाडीमागे ७ मीटर धरले तर ४२ मीटर. त्यात एखादा टँकर येणारच, म्हणून ५० मीटर ठेवा. आजच्या रांगेला हे सढळ आहे. दहा वर्षांनंतरच्या पंधरा गाड्यांना १०५ मीटर लागतील, पण तेवढी लांबी देऊन प्रश्न सुटत नाही, हे वर पाहिलंच.

वेग कमी करण्याचं अंतर: ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. प्रवाशाला हिसका न बसता, सेकंदाला २ मीटर/सेकंद या दरानं वेग कमी केला तर सुमारे ४८ मीटर लागतात. ८० च्या वेगाला हेच अंतर १२३ मीटर. वेग दीडपट-पावणेदोनपट, अंतर अडीचपट. मार्गिका हळूहळू रुंद होत जाते तो निमुळता भागही यातच धरता येतो. म्हणजे आपल्या उदाहरणात एकूण साधारण १०० मीटर. आराखड्याच्या तपशिलासाठी आयआरसीचं एसपी ४१ हे समपातळीवरच्या चौकांचं मार्गदर्शन समोर ठेवा.

सातवी पायरी: ही मार्गिका बसते कुठे?

कागदावर शंभर मीटर काढणं सोपं आहे. मार्गिकेला ३ ते ३.५ मीटर रुंदी लागते. दुभाजक साडेचार-पाच मीटरचा असेल तर त्यातच खाच पाडता येते आणि समोरच्या बाजूला मीटर-दीड मीटरचा दुभाजक शिल्लक राहतो. आपल्याकडचे बहुतेक दुभाजक एक-सव्वा मीटरचे. मग दोन्ही धावत्या लेन बाहेरच्या बाजूला सरकवाव्या लागतात, आणि त्यासाठी कडेची जमीन लागते. प्रकल्पाच्या बाजूला बिल्डर पुढचं अंतर सोडू शकतो. पण पलीकडच्या बाजूला दुसऱ्याची भिंत, गटार, विजेचा डीपी, पिंपळ आणि एक मारुतीचं देऊळ असतं. म्हणून टेप घेऊन मोजा. रस्त्याची रुंदी २४ मीटर ही विकास आराखड्यातली असते. ताब्यातली आणि डांबराखालची वेगळी असते. महावितरणचे खांब, पाण्याच्या लाइनीचे व्हॉल्व्ह, ड्रेनेजच्या झाकणांच्या पातळ्या नकाशावर घ्या, कारण खर्च त्यांच्यापाशीच वाढतो.

मार्गिका बसत नसेल तर तीन मीटरची अडीच करून, निमुळता भाग कापून "बसवली" असं दाखवू नका. अशा मार्गिकेत बसचा मागचा भाग धावत्या लेनमध्ये बाहेर राहतो.

आठवी पायरी: डाव्या बाजूनं आत येणारे, आणि गेटचा दांडा

डावीकडे वळणाऱ्यांना समोरची रहदारी ओलांडायची नसते, म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. त्यांची रांग रस्त्यावर येते ती गेटमुळे. हिशेब बघा: आत येणारी २९७ वाहनं, त्यांतले ४५ पाहुणे आणि डिलिव्हरीवाले. वॉचमननं ॲपवर विचारून, नंबर लिहून आत सोडायला प्रत्येकी ४० सेकंद, म्हणजे १,८०० सेकंद. उरलेल्या २५२ रहिवाशांना दांडा वर व्हायला ५ सेकंद, १,२६०. बेरीज ३,०६०, आणि तासात सेकंद ३,६००. सगळे एकाच दांड्यातून गेले तर ८५ टक्के वेळ गेट व्यस्त, शेपूट रस्त्यावर. पाहुण्यांची लेन वेगळी केली की एक ५० टक्के, दुसरी ३५ टक्के, आणि मामला शांत.

लेन वेगळी करण्याबरोबरच दांडा रस्त्याच्या हद्दीपासून आत न्या. तीन मोटारी उभ्या राहतील एवढी, वीसेक मीटर जागा मिळाली तर फार छान, बारा तरी हवीत. पाहुण्यांना चौकीच्या अलीकडे बाजूला थांबायला खिसा द्या. स्कूल बस आत वळू शकते का तेही पाहा, नाहीतर ती रोज सकाळी डाव्या लेनमध्ये उभी राहणार. डावीकडची वेग कमी करायची मार्गिका काढलीत तर ती मोकळी कशी राहील याचाही विचार करा. रस्त्याकडेची रिकामी तीन मीटर पट्टी आठवड्याभरात रिक्षा स्टँड किंवा वडापावची गाडी होते, यात गाडीवाल्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

नववी पायरी: दिसतं का?

आयआरसी ६६ (१९७६) प्रमाणे मुख्य रस्त्यावर ताशी ५० ला ११०, ६५ ला १४५, ८० ला १८० मीटर अंतरापर्यंत दिसायला हवं. करून पाहिलंत तर हे सगळे सुमारे आठ सेकंदांत कापलं जाणारं अंतर भरतात. चालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरून गेटच्या जागी बसून बघा. आड येणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात: दुभाजकातली कण्हेर, प्रकल्पाचंच होर्डिंग, आणि शुभेच्छांचे फ्लेक्स. दुभाजकातली झाडं कटच्या अलीकडे-पलीकडे अर्धा मीटर उंचीच्या आत छाटून ठेवण्याची अट अहवालात घाला. रस्ता वळणावर किंवा चढाच्या माथ्याजवळ असेल आणि अंतर मिळत नसेल, तर कट नको. याला तडजोड नाही.

दहावी पायरी: पर्याय मांडा

आपल्या उदाहरणात तीन पर्याय उरतात.

दुभाजकात कट आणि १०० मीटरची मार्गिका: आज चालेल, पाच-सात वर्षांनी सिग्नल लागेल. सिग्नल जवळच्या चौकाशी जुळवता येतो का, हे आजच तपासा, आणि केबलचे पाइप मार्गिका बांधतानाच पुरून ठेवा.

दुसरा पर्याय, कट बंद, फक्त डावीकडून आत आणि डावीकडून बाहेर, वळण पुढच्या यू-टर्नला. समोरची रहदारी जड असेल तर हाच मला पटतो. पण यू-टर्न किती लांब आहे ते बघा. तीनशे-चारशे मीटरवर असेल तर लोक जातात. दीड किलोमीटरवर असेल तर दुचाकीवाले पहिल्या दिवसापासून उलट्या बाजूनं येणार. ते बेकायदा आहे एवढं लिहून अहवाल लिहिणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. आणि वळणारे १५७ आता त्या यू-टर्नवर जातात, तेव्हा पाचव्या पायरीचा हिशेब तिथे पुन्हा करा. १२ मीटरची बस तिथून एका दमात वळते का तेही तपासा.

तिसरा पर्याय म्हणजे गेट बाजूच्या डीपी रस्त्यावर. रस्ता अजून झालेला नसेल तर तो कोण बांधणार आणि पहिल्या इमारतीचा ताबा देण्याआधी होणार का, हे अटीत यायला हवं.

अहवाल कशासाठी लागतोय ते आधी विचारून घ्या. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिथे रहदारीवर प्रश्न येतातच. वाहतूक पोलिसांचं मत, रस्त्याच्या मालकाची परवानगी आणि मंजूर नकाशा या तिन्हींत गेट एकाच जागी दाखवलेलं आहे ना, हे सही करण्यापूर्वी तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. आर्किटेक्टनं मधल्या काळात गेट दहा मीटर सरकवलेलं असण्याची शक्यता चांगलीच असते.

सगळ्यात शेवटी दोन अटी घाला. मार्गिका, पट्टे, रिफ्लेक्टर आणि दिवे पहिल्या इमारतीचा ताबा देण्याआधी पूर्ण व्हावेत. आणि साठेक टक्के फ्लॅट भरल्यावर गेटवर आणि कटवर बिल्डरच्या खर्चानं पुन्हा मोजणी व्हावी. वळणाऱ्यांचा सरासरी थांबा ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर सिग्नलचा किंवा कट बंद करण्याचा खर्च कुणी करायचा, ते त्याच कलमात नाव घालून लिहा. मोजणी होईपर्यंत बिल्डरनं सोसायटी हस्तांतरित केलेली असू शकते, म्हणून त्या रकमेची बँक हमी आधीच घेतलेली बरी.